वेगळी चूल, एक पंगत: रमजान आणि वर्गातली मुलं

आजचा विषय तसा प्रत्येक घरात येऊन गेलेला आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजातून येते आणि सांगते, "आई, आमच्या ग्रुपमधल्या दोघांचे रोजे चालू आहेत, म्हणून प्रेझेंटेशन सकाळी ठेवलंय." आपण "बरं" म्हणतो आणि पोळ्या लाटायला लागतो. पण उपवास करणारं मूल वर्गात बसलेलं असताना शिक्षकांनी, संस्थेनं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलानं काय करावं, हा प्रश्न नवा नाही आणि फक्त सिंगापूरचा तर मुळीच नाही. मराठी मुलखात तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी गंभीरपणे हाताळला होता. तिथून सुरुवात करून आपण आपल्या बुकित तिमाहपर्यंत येऊ.

तारीख आहे १५ नोव्हेंबर १९०६, गाव कोल्हापूर. या दिवशी राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी किंग एडवर्ड मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्यातूनच आज दसरा चौकात दिसणारं मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. आता हिजरी पंचांग मागे मोजत गेलं, तर १९०६ साली रमजान ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. म्हणजे संस्था स्थापन झाली तेव्हा रमजानचे शेवटचे दोन-तीन दिवस उरले होते आणि ईद अगदी दारात आली होती. महाराजांनी मुहूर्त म्हणून हा दिवस निवडला की तो योगायोग होता, यावर मी काही बोलणार नाही. पण त्या सभेला जमलेल्या मुस्लिम मंडळींपैकी बहुतेकांचा त्या दिवशी रोजा असणार, एवढं पंचांगच सांगतं.

महाराजांना ही संस्था काढावी का लागली, हे समजण्यासाठी दहा वर्षं मागे जाऊ. १८९६ च्या सुमारास त्यांनी राजाराम कॉलेजातल्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू केलं होतं, सगळ्या जातींसाठी खुलं. कागदावर नियम स्वच्छ होता: कोणीही यावं, कोणीही राहावं. प्रत्यक्षात थोड्याच काळात तिथं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. खेड्यातून आलेल्या मुलाला त्या खानावळीत, त्या सोवळ्या-ओवळ्यात, त्या बोलीत आपलं म्हणून राहता येईना. दार उघडं होतं, पण आतलं घर एकाच पद्धतीनं लावलेलं होतं.

यातून महाराजांनी जो धडा घेतला तो त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामात दिसतो. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं. सुरुवातीला काही मुस्लिम मुलांची सोय मराठा बोर्डिंगमध्येच केली गेली. मग १९०६ साली मुस्लिम समाजाची स्वतंत्र संस्था, १९०७ साली लिंगायतांचं वसतिगृह, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांग लागली. एका लहानशा संस्थानाच्या राजधानीत इतकी वसतिगृहं झाली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतर समाजांच्या संस्था महाराजांनी त्या-त्या समाजाच्या पुढाऱ्यांच्या हाती दिल्या. मुस्लिम संस्थेचं अध्यक्षपद मात्र त्यांनी स्वतःकडे घेतलं. पुढे कुराणाचं मराठी भाषांतर करून घेण्याचं कामही त्यांनी हाती घेतलं होतं.

आज आपल्याला "जातवार वसतिगृह" हे शब्द कानाला खटकतात आणि खटकायलाच हवेत. पण त्या काळी शिकायला आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. वसतिगृह म्हणजे नुसती खोली नव्हे. वसतिगृह म्हणजे चूल. आणि रमजानात चुलीचं वेळापत्रक उलटं होतं. पहाटे तांबडं फुटायच्या आधी सहरीचं जेवण हवं. दिवसभर चूल थंड. सूर्य मावळला की लगेच इफ्तार. रात्री तरावीहची लांब नमाज, त्यामुळे निजायला उशीर. ज्या खानावळीत सकाळी दहा आणि संध्याकाळी सात हीच जेवणाची वेळ आहे, तिथं या मुलानं काय करायचं? पहाटे चारला स्वयंपाक्याला उठवायला सांगणार कोण? मुस्लिम बोर्डिंगमध्ये हा प्रश्नच पडण्याचं कारण नव्हतं. तिथं रमजान हा अपवाद नव्हता. वर्षाच्या कामाचा एक भाग होता. ती मुलं शिकायला जायची ती मात्र इतर सगळ्यांच्या बरोबर, त्याच शाळा-कॉलेजांत. चूल वेगळी, वर्ग एक, असा हा हिशेब होता.

आता दुसरा माणूस. याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर विटाळ फेडायला आंघोळ करायला त्यानं नकार दिला. त्यावरून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. वेगळ्या चुलीचा दुसरा चेहरा त्याला असा दिसला. हेच पुढे कर्मवीर झाले. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं, ज्याचं १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते "छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस" असं नामकरण झालं. इथं मराठा, महार, जैन, मुसलमान सगळी मुलं एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत ही गोष्ट आजीनं सांगितलेली असते.

म्हणजे मराठी मुलखाला दोन उत्तरं मिळाली. शाहू महाराजांचं उत्तर: आधी प्रत्येकाला त्याचं घर द्या, मग त्याला सगळ्यांच्या वर्गात पाठवा. भाऊरावांचं उत्तर: घरच एक करा. भाऊरावांनी ज्या माणसाचं नाव आपल्या बोर्डिंगला दिलं, त्याच्याच पद्धतीपेक्षा वेगळी पद्धत त्यांनी अवलंबली, आणि त्यात त्यांना विरोध दिसला नाही. कारण दोघांचा हेतू एकच होता: मुलाचं शिक्षण त्याच्या पोटापायी किंवा त्याच्या धर्मापायी थांबू नये.

मुंबईत थोडा वेगळा मार्ग निघाला. तिथं समाजानं स्वतःच संस्था उभ्या केल्या. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली. १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज उघडलं. १९६३ साली औरंगाबादला डॉ. रफिक झकेरियांच्या पुढाकारानं मौलाना आझाद कॉलेज आणि १९६८ साली मुंबईत नागपाड्याला महाराष्ट्र कॉलेज निघालं. अशा ठिकाणी रमजानची सवय संस्थेलाच असते. महाराष्ट्रातल्या अनेक उर्दू शाळा या महिन्यात सकाळी लवकर भरतात आणि दुपारी सुटतात, हेही आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. खरा प्रश्न उरतो तो साध्या, सगळ्यांच्या कॉलेजातल्या चार-पाच मुस्लिम मुलांचा. त्यांच्यासाठी कोणी वेळापत्रक बदलत नाही, आणि बऱ्याचदा त्यांचा रोजा आहे हे सरांना ठाऊकही नसतं.

आता आपल्या गल्लीत येऊ.

बोटॅनिक गार्डन्सच्या एमआरटी स्टेशनातून बाहेर पडलं की क्लूनी रोडच्या कोपऱ्यावर पांढऱ्या कमानींच्या, लाल कौलांच्या इमारती आणि मध्ये हिरवी चौकोनी पटांगणं दिसतात. हे जुनं रॅफल्स कॉलेज. सिंगापूरच्या स्थापनेला १९१९ साली शंभर वर्षं झाली, त्याची आठवण म्हणून ते काढायचं ठरलं. वर्ग सुरू झाले १९२८ साली आणि रीतसर उद्घाटन झालं १९२९ साली. तिथल्या विज्ञानाच्या इमारतीला पैसे दिले ज्यू व्यापारी मनासे मेयर यांनी, मोठ्या सभागृहाला पैसे दिले साखरेचे चिनी व्यापारी ओई तियोंग हाम यांनी. १९४९ साली हे कॉलेज आणि किंग एडवर्ड मेडिकल कॉलेज एकत्र होऊन मलाया विद्यापीठ झालं. पुढे त्याचंच सिंगापूर विद्यापीठ आणि १९८० साली नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर झालं. आपल्याकडे जिला सगळे नुसतं एनयूएस म्हणतात, तिची एक जन्मखोली ही आहे.

या कॉलेजात मुस्लिम मुलं थोडीच होती. मलय कुटुंबांतून इंग्रजी शाळा संपवून इथवर पोचणारा विद्यार्थी विरळा. पण जे पोचले ते पुढे मोठे झाले. अब्दुल रझाक हुसेन इथं शिकायला आले. १९७० साली ते मलेशियाचे पंतप्रधान झाले. १९४० साली त्याच कॉलेजात ली क्वान यू नावाचा एक तरुण दाखल झाला. पुढे दोन देश चालवणारे दोघे एकाच आवारात शिकत होते, एक रोजे धरणाऱ्या समाजातला आणि एक नाही. मलाया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतून महाथिर मोहम्मद १९५३ साली डॉक्टर झाले. त्याच काळात सिती हस्मा या मोजक्या मलय मुलींपैकी एक म्हणून तिथं शिकत होत्या; पुढे त्या दोघांचं लग्न झालं.

या आवाराच्या इतिहासात मला सगळ्यात गमतीचं वाटतं ते घड्याळ. रोजा सूर्यावर चालतो, वर्ग घड्याळावर चालतो, आणि सिंगापूरनं घड्याळाचे काटे वारंवार हलवले. आपण विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, त्यामुळे इथं दिवस बारमाही सारखाच, बारा तासांचा. फेब्रुवारी १९२९ मध्ये, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या रमजानात, सिंगापूरचं घड्याळ ग्रीनिचच्या सात तास पुढे होतं. सूर्य मावळायचा साधारण सहा वीसला. १९४२ साली जपानी आले. त्यांनी रॅफल्स कॉलेजात आपलं लष्करी मुख्यालय थाटलं आणि शहराला टोकियोची वेळ लावली. त्या वर्षीच्या सप्टेंबरातल्या रमजानात घड्याळात आठच्या सुमारास सूर्यास्त व्हायचा. युद्धानंतर घड्याळ पुन्हा मागे आलं, आणि १९८२ च्या पहिल्या दिवशी ते अर्ध्या तासानं पुढे सरकलं. आज इथं इफ्तार होतो तो सात ते सव्वासातच्या आसपास, वर्षाच्या काही दिवसांत थोडा पुढे-मागे. सूर्य तोच, रोजा तेवढाच, साधारण साडेतेरा तासांचा. पण संध्याकाळी सातचा वर्ग असेल, तर याच घड्याळामुळे रोजा नेमका वर्गाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत सुटतो. जुन्या वेळेप्रमाणे तो वर्गात शिरण्याआधीच सुटला असता.

लंडन, टोरँटो किंवा ओस्लोहून ऐकणाऱ्या श्रोत्यांचं गणित वेगळं आहे. तिथं रमजान जूनमध्ये आला की लंडनमध्ये रोजा अठरा तासांच्या वर जातो. २०१६ ते २०१९ या वर्षांत तिथं रमजान मे-जूनच्या परीक्षांवर येत होता. तेव्हा तिथल्या शाळा-कॉलेजांच्या प्राचार्यांच्या संघटनेनं मुस्लिम जाणकारांशी बोलून परीक्षा आणि रमजान यावर मार्गदर्शक पत्रक काढलं. कोल्हापुरात मे महिन्यात रोजा चौदा तासांच्या थोडा वर असतो, आणि वर घाम काढणारं ऊन. २०२५ साली महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा चालू असतानाच रमजान सुरू झाला.

इथं थोडं हिजरी पंचांगाबद्दल सांगतो. ते पूर्णपणे चांद्र आहे. आपल्या पंचांगात अधिक मास घालून आपण सण ऋतूंशी जुळवून ठेवतो. तिथं अधिक मास नाही. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माझ्या धंद्यात याला मी अगोदर कळणारी अडचण म्हणेन, आणि अगोदर कळणारी अडचण म्हणजे खरं तर नियोजनाचं काम. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत सिंगापुरात रमजान एप्रिल-मेमधल्या विद्यापीठाच्या परीक्षांवर आला होता. २०२६ मध्ये तो १९ फेब्रुवारीला सुरू झाला, म्हणजे सत्राच्या मध्यावर. २०३० साली एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान सुरू होतील, एक जानेवारीत आणि एक डिसेंबरच्या अखेरीस. आणि २०३३ च्या आसपास तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षांवर येईल. आज जे मूल प्राथमिक शाळेत आहे, त्याच्या कॉलेजच्या वेळापत्रकात कुठला रमजान येणार हे आजच सांगता येतं. ईदचा नेमका दिवस चंद्रावर ठरतो, एका दिवसाचा फरक पडतो. बाकी सगळं ठाऊक आहे.

मग वर्गात नेमकं काय जड जातं? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं भूक. रोजे धरणारी मुलं सांगतात ती वेगळी गोष्ट: झोप. रात्री तरावीह आटपून घरी यायला दहा वाजतात, पहाटे पाचच्या आत सहरीला उठायचं. म्हणजे झोपेचे दोन तुकडे होतात. सकाळचा वर्ग त्यामानानं ठीक जातो, कारण पोटात काहीतरी असतं. दुपारी दोन ते पाच हा सगळ्यात अवघड काळ, आणि पाणीही चालत नसल्यामुळे प्रयोगशाळेत, मैदानावर किंवा सलग बोलण्याच्या कामात घसा कोरडा पडतो. नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांच्या गुणांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की शिकवण्याच्या आठवड्यांपैकी जितके जास्त आठवडे रमजानात येतील, तितके मुस्लिम विद्यार्थ्यांचे गुण थोडे खाली जातात. थोडे, फार नाही. पण ज्या मुलाची शिष्यवृत्ती किंवा पुढचा प्रवेश अर्ध्या गुणावर अडलेला आहे, त्याच्यासाठी थोडे म्हणजे थोडे नसतात.

यावर काय करता येतं, ते आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त आहे. सादरीकरणाच्या वेळा वाटताना मुलांना निवड द्यावी. रोजा असलेलं मूल सकाळची वेळ घेईल. तोंडी परीक्षा शक्य तर बाराच्या आत. संध्याकाळचा वर्ग असेल तर सूर्यास्ताला दहा मिनिटांची सुट्टी सगळ्यांनाच द्यावी, म्हणजे खजूर आणि पाणी घेण्यासाठी एकट्यानं उठून बाहेर जावं लागत नाही. शुक्रवारी दुपारी एक ते दोन अनिवार्य काही ठेवू नये. गटाचं काम असेल तर बैठक जेवणाच्या टेबलाभोवती न घेता ग्रंथालयात घ्यावी. यातलं काहीही अभ्यास कमी करणारं नाही. पेपर तोच, गुण देण्याची पद्धत तीच. फक्त घड्याळ जरा शहाणपणानं लावलेलं.

आणि एक गोष्ट शिक्षकांनी आणि मित्रांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. रमजानात जेवताना दिसलेल्या मुस्लिम मुलाला किंवा मुलीला "तुझा रोजा नाही का?" असं कधीही विचारू नये. आजारी माणसाला, प्रवाशाला, पाळी चालू असलेल्या मुलीला, गरोदर बाईला इस्लाममध्ये सूट आहे. चुकलेले रोजे नंतर भरून काढता येतात. चारचौघांत विचारलेला हा साधा प्रश्न एखाद्या मुलीला तिची पाळी जाहीर करायला लावतो. आपल्याकडे देवघरात शिरायचं नाही म्हणून बाजूला बसलेल्या मुलीला पाहुण्यांनी कारण विचारलं, तर तिला कसं वाटायचं ते आपल्या आया-आज्यांना विचारा.

आता चुलीच्या आणि पंगतीच्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण सिंगापूरनंही त्याचं स्वतःचं उत्तर काढलं आहे, आणि त्यात आपण सगळे पैसे भरतो. १९७५ साली इथं मशिदी बांधण्यासाठी मुस्लिम नोकरदारांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम घेण्याची पद्धत सुरू झाली. १९८२ साली मलय-मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मेंडाकी ही संस्था निघाली आणि १९८४ पासून त्याच निधीतून तिलाही पैसे मिळू लागले. १९९१ साली भारतीय समाजासाठी सिंडा आली, १९९२ साली चिनी समाजासाठी त्यांची संस्था. आपल्या पगाराच्या पावतीवर सिंडाची एक छोटी ओळ असते ना, ती हीच. शिकवण्या, फीची मदत, अडलेल्या घरांना आधार, हे सगळं समाजवार. शाळा मात्र सगळ्यांची एक. दसरा चौकातल्या माणसाला ही रचना समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतील. तो म्हणेल, "म्हणजे आमच्या महाराजांचंच काम की."

आणि त्या रचनेवर आक्षेपही तोच घेतला जातो, जो कोल्हापूरवर घेतला गेला: समाजवार मदत केली तर समाजवार भिंती राहणार नाहीत का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. भाऊरावांना बोर्डिंग सोडावं लागलं ते अशाच एका भिंतीमुळे. माझं मत असं आहे, की वेगळी चूल तेव्हाच चालते जेव्हा पंगत एक असते. मेंडाकी आणि सिंडा आपापलं काम करोत. पण वर्गातली दहा मिनिटांची सुट्टी कुठलीही समाजाची संस्था देऊ शकत नाही. ती वर्गानंच द्यायची असते. रोजे धरणाऱ्या मुलाची काळजी फक्त मुस्लिम संस्थेनं घ्यायची असं ठरलं, तर आपण १८९६ च्या त्या वसतिगृहात परत गेलो, जिथं दार सगळ्यांना उघडं होतं आणि राहायला कोणी येत नव्हतं.

इथं मराठी घरांचा संबंध येतो, आणि जरा स्पष्ट बोलतो. आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर गावाकडच्या ग्रुपमधून मुसलमानांबद्दल रोज काही ना काही येत असतं. ते वाचून पुढे ढकलणारा बाप आणि दुपारी मुस्लिम मित्राबरोबर प्रोजेक्ट करणारा मुलगा एकाच घरात राहतात. मुलं हे पाहत असतात. ती काही बोलत नाहीत, पण दोन भाषा शिकतात: एक घरची, एक कॉलेजची. परदेशात आल्यावर आपण स्वतः अल्पसंख्य आहोत. गणपतीत मुलाला सुट्टी मिळावी, कँटीनमध्ये शाकाहारी वेगळ्या पळीनं वाढावं, दिवाळीच्या पाडव्याला परीक्षा नसावी, हे आपण शाळेला नम्रपणे लिहून कळवतो आणि शाळा बऱ्याचदा ऐकते. हा हक्क आपल्याला मिळतो त्याच कारणानं तो शेजारच्या मुलाला मिळतो. एकाचा मान्य करून दुसऱ्याचा नाकारता येत नाही.

"आमच्याकडेही उपास असतात, आम्ही कुठे सवलत मागतो?" हा प्रश्न आपल्या मंडळींत हमखास येतो. रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देऊ. आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, वरईचे तांदूळ असतात, शेंगदाण्याची आमटी असते, ताक असतं; तो एका दिवसाचा असतो आणि पाणी चालतं. निर्जळी एकादशी किंवा हरतालिका कडक करणाऱ्या बायका घरात आहेत. त्यांना विचारा की असा दिवस सलग तीस वेळा आला आणि रोज ऑफिसही असलं तर काय होईल. तुलना मोठं कोण हे ठरवायला करायची नसते. शेजाऱ्याचा दिवस कसा जात असेल याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी ती उपयोगी. आणि तेवढ्यासाठी आपल्याला इतरांपेक्षा जास्त साहित्य आहे, कारण उपास म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

बुकित तिमाहमध्ये कोरोनेशन रोडच्या आत जालान हाजी अलियासवर अल-हुदा मशीद आहे. आजूबाजूला बंगले आणि काँडो. पण पूर्वी इथं कंपोंग टेम्पे नावाची वस्ती होती. वस्ती गेली, मशीद राहिली. रमजानात संध्याकाळी तिथल्या बाजूनं फिरायला गेलात तर माणसं घाईनं आत जाताना दिसतील. शहरातल्या अनेक मशिदींत या महिन्यात मोठ्या हंड्यांतून तांदळाची पेज शिजवून वाटतात, तिला इथं बुबुर म्हणतात, आणि ती घ्यायला धर्म विचारत नाहीत. कोल्हापूर-सांगलीच्या श्रोत्यांना इथं शेजारच्या घरातून ईदला आलेला शिरखुर्म्याचा डबा आठवला असेल. त्या डब्याला कधी कोणी "सर्वधर्मसमभाव" म्हटलं नाही. डबा यायचा, आणि दिवाळीत तोच डबा फराळ भरून परत जायचा, कारण रिकामा डबा परत देत नाहीत.

तर पुढच्या रमजानाआधी एवढं करू या. कॉलेजात शिकवणारे श्रोते असतील त्यांनी सत्र सुरू होतानाच हिजरी तारखा आपल्या वेळापत्रकावर मांडून घ्याव्यात. मुलांनी गटाच्या बैठकीची वेळ ठरवताना विचारावं, "सकाळी बरं पडेल का?" इतकं पुरतं. कंपन्यांत काम करणाऱ्यांनी संध्याकाळी सातचे कॉल त्या महिन्यापुरते हलवावेत. आणि मुलगी म्हणाली की मैत्रिणीकडे इफ्तारला बोलावलंय, तर तिला रिकाम्या हातानं पाठवू नये. उत्तम जातीचे खजूर आणावेत, आणि बरोबर घरच्या करंज्या किंवा खोबऱ्याच्या वड्या द्याव्यात. फक्त मैत्रिणीच्या आईला काय चालतं ते आधी विचारून घ्यावं.

पुढच्या भागात आपण रॅफल्स कॉलेजच्या काळात मलायात आलेल्या भारतीय नोकरदारांच्या घरांबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार, आणि ज्यांच्या घरी रोजे असतील त्यांना रमजान मुबारक.